मेजरसाहेबांचा रिसीव्हर मी सगळा उघडला

तुमच्या घरच्या रेडिओची मागची पाटी चार स्क्रूंनी बंद केलेली असते. ती नेमकी कुणापासून बंद केली आहे, असं तुम्ही कधी स्वतःला विचारलंत का? शॉक लागू नये म्हणून, असं तुम्ही म्हणाल. शॉकचं खरं आहे. पण प्लग काढून ठेवल्यावरही तुम्ही ती उघडत नाही. ज्या वस्तूसाठी दोन वर्षं पैसे साठवले, जी रोज सकाळी पुसता, जिच्यावर क्रोशाचं झाकण घालता, तिच्या पोटात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याचं वाईटही वाटत नाही. मला वाटतं. त्यापायी मी एकदा जे केलं, ते मंडळाच्या या अंकात लिहून टाकते.

मी सात वर्षं या बंगाली शहरातल्या बालीगंज भागात एका दुकानात रेडिओ मेकॅनिक आहे. आपल्या मराठी मंडळातल्या बहुतेकांना मी अप्पांची मुलगी म्हणून माहीत. अप्पा नागपूरहून बदली होऊन केंद्र सरकारच्या कचेरीत आले आणि इथल्या कर्मचारी संघटनेचे चिटणीस झाले, तेव्हापासून आमच्या घरात पत्रकं राहतात आणि उरलेल्या जागेत आम्ही राहतो. मी अक्षरं पत्रकांवरच शिकले. मी वाचलेलं पहिलं वाक्य 'बंधूंनो' या शब्दाने सुरू होत होतं. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, डब्यांच्या तळाशी कागद पत्रकांचे, चिवड्याच्या पुड्या पत्रकांच्या. आईने पत्रकांचा जेवढा उपयोग केला तेवढा जनतेने केला नाही, असं अप्पाच म्हणतात.

कॉलेजात असताना मी माझं स्वतःचं पत्रक काढलं. एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मथळा होता, 'हुकूम पाळण्याआधी विचारा'. खाली दहा प्रश्न. हुकूम कुणाचा? कशासाठी? फायदा कुणाचा? असे. ते कॉलेजच्या प्रिन्सिपॉलबाईंसाठी होतं, कारण त्यांनी मुलींना चारनंतर वाचनालयात बसायला बंदी केली होती. पाचशे प्रती छापल्या आणि सत्तर वाटल्या. उरलेल्या आईच्या ताब्यात गेल्या.

रेडिओदुरुस्तीचा वर्ग मी केला, तेव्हा त्यात मी एकटीच मुलगी होते. कुठल्याही दुकानात गेले की मालक विचारायचे, सेट कुठाय? त्यांना वाटे, मी गिऱ्हाईक आहे. निमाईबाबूंनी तसं विचारलं नाही. पन्नाशीचे, पांढऱ्या धोतरावर सोल्डरची भोकं पडलेले गृहस्थ. त्यांनी माझ्यापुढे एक मुका सेट ठेवला आणि आत जाऊन जेवून आले. येईस्तोवर तो बोलत होता. त्यांनी ऐकलं, दात कोरले आणि म्हणाले, "बोशुधा, उद्या दहाला ये." माझं नाव वसुधा आहे, पण या शहरात ते कुणाला सांगून उपयोग नाही.

दुकानात निमाईबाबूंचा मेहुणा श्यामल गल्ल्यावर बसायचा. त्याला बेंचवर त्याचा एक मित्र बसवायचा होता. बेंच म्हणजे खिडकीजवळचं ते टेबल, ज्यावर दिवा, मीटर आणि डाग द्यायची, म्हणजे सोल्डरची, इस्त्री असते. ज्याचं बेंच तो मेकॅनिक, बाकीचे नुसते दुकानातले लोक. श्यामल बहिणीच्या नवऱ्याला इथल्या रीतीने जामाईबाबू म्हणायचा. रोज एकदा म्हणायचा, "जामाईबाबू, मुलगी काउंटरवर शोभते. पावत्या छान लिहील." निमाईबाबू म्हणायचे, "सहा महिने बघू." त्या सहापैकी पाच झाले होते. एक मोठी चूक झाली असती तर मी जन्मभर पावत्या लिहीत बसले असते. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एक आजोबा बातम्या देणाऱ्याचा आवाज बसलाय म्हणून रेडिओ घेऊन आले. दोन दिवसांनी परत नेताना म्हणाले, आता खणखणीत झाला, तुमचे उपकार. आम्ही काहीच केलं नव्हतं, त्या माणसाची सर्दी बरी झाली होती. एका बाईंच्या सेटमधून पाल निघाली, तर त्यांनी ती कंपनीनेच बसवली असेल का, असं गंभीरपणे विचारलं. मी हसले नाही. आत काय असतं हे कुणी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, मग त्यांनी पाल का धरू नये?

एकाहत्तरचं युद्ध संपून वर्ष झालं होतं. एका सोमवारी इथल्या फौजेच्या किल्ल्यातून, फोर्ट विल्यममधून, मेजर घोरपडे स्वतः जीपमधून आले. मागे ऑर्डर्ली, त्याच्या हातात कांबळ्यात गुंडाळलेली पेटी. मेजरांच्या मेहुण्याने बोटीवरच्या नोकरीत असताना परदेशातून आणलेला स्टिरिओ रिसीव्हर होता तो.

स्टिरिओ म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तोवर चहा घ्यावा. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत, रेकॉर्ड प्लेअर बाहेरून जोडायचा. स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेला दोन भिंती असतात आणि दोन्हींवर वेगवेगळा आवाज कोरलेला असतो. सुई दोन्ही वाचते. तो आवाज मोठा करायला आत सगळं दोनदा लागतं, डाव्यासाठी एक आणि उजव्यासाठी एक. म्हणजे एका पेटीत दोन बिऱ्हाडं, विजेचा मीटर मात्र सामाईक.

"उजवीकडचं बंद आहे," मेजर हिंदीत म्हणाले. मग माझ्या कपाळावरची टिकली आणि मी भरत असलेल्या दुरुस्तीच्या कार्डावरचं माझं आडनाव बघून मराठीत आले. "तुम्ही दुरुस्त करणार?"

"हो."

"हा फॉरेनचा आहे."

"बिघाड सगळीकडचे सारखेच असतात," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. ते जाताच श्यामल निमाईबाबूंना म्हणाला, "ऐकलंत? मेजरशी वाद घालते."

बुधवारी निमाईबाबू आणि श्यामल पुतणीच्या लग्नाला बराकपूरला गेले. दुकान दोन दिवस बंद. किल्ली माझ्याकडे, म्हणजे गिऱ्हाइकाला दार बंद पण आलेली कामं चालू. निघताना निमाईबाबूंनी नेहमीचा नियम सांगितला. "जे बिघडलंय तेवढ्यालाच हात. बाकीचं देवाने आणि कंपनीने लावलंय."

बिघाड दहा मिनिटांत सापडला. उजव्या स्पीकरच्या सॉकेटपाशी डाग तडकला होता, केसाएवढी चीर. इस्त्री टेकवली, नवा डाग दिला, उजवी बाजू बोलू लागली. सकाळचे साडेदहा वाजले होते. सेट उघडा होता, दुकान रिकामं होतं, आणि माझ्या डोक्यात एक पत्रक तयार होत होतं.

हा स्वस्तातला सेट आहे, हे मला बाहेरूनच कळलं होतं. तिकडच्या दुकानात तो सर्वांत खालच्या फळीवर असणार. इथे मात्र त्यासाठी घरात वेगळं टेबल करतात. म्हटलं, या झगमगाटामागे काय भरलंय ते लोकांसमोर मांडायचं. एकेक भाग काढायचा, नकाशा काढायचा, लबाडी नोंदवायची आणि छापायचं. मालकाला विचारायला हवं, हा विचार मनात आलाच नाही. मी त्याच्या वतीने लढत होते ना. ज्याच्या वतीने लढायचं त्याला विचारत बसायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

मी शेवटच्या स्क्रूपर्यंत गेले. काढलेला प्रत्येक भाग कागदाच्या पुडीत, पुडीवर नंबर. कागद अर्थातच घरून पिशवीत भरून आणलेले.

वहीत मी 'लबाडी' असा मथळा घातला आणि दुपारपर्यंत पान भरलं. समोरचा ॲल्युमिनियमचा पत्रा डब्याच्या झाकणाइतका पातळ. लाकडी पेटी लाकडाची नाही, भुशाच्या फळीवर लाकडाचं चित्र चिकटवलेलं. स्टेशन लावायचं बटण फिरवताना जड आणि गोड लागतं, कारण त्याच्या दांड्यावर आतून एक लोखंडी चकती बसवलेली. 'स्टिरिओ' असं लिहिलेला लाल दिवा, जो तसं प्रक्षेपण असेल तरच पेटतो, आणि आपल्या देशात तसं स्टेशनच नाही. आणि सगळ्यात मोठी लबाडी म्हणजे बोर्ड. ज्या तपकिरी पाटीवर सगळे भाग डाग देऊन बसवतात, तिच्यावर एकोणीस रिकाम्या जागा होत्या. भोकं पाडलेली, नंबर छापलेले, भाग गायब. महागड्या सेटचाच बोर्ड, त्यातून एकोणीस भाग काढून घेतलेले. मी त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग नकाशा काढायला बसले आणि पंचाईत सुरू झाली. नकाशा काढायचा म्हणजे प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते बोटाने चालत जाऊन बघायचं. चालता चालता माझी वाट चुकू लागली. जिथे एखादा भाग हवाच असं मला वाटे, तिथे तो नसे, आणि तरी काम होत असे, कारण कुणीतरी शेजारच्या भागावर दोन कामं सोपवली होती. गरम होणाऱ्या ट्रान्झिस्टरांना थंड ठेवायला वेगळा पत्रा लागतो. इथे तो नव्हता, तळाच्या पत्र्यालाच ते घट्ट बसवले होते. काटा सरकवणारी दोरी चार चाकांवरून जायला हवी. इथे दोन चाकं आणि दोन वाकवलेल्या सळ्या होत्या, आणि दोरी लोण्यासारखी सरकत होती. लोखंडी चकतीचा अर्थही मग उमगला. ज्याला बोट लागतं तिथे पैसे खर्चायचे, जिथे लागत नाही तिथे वाचवायचे. आणि एकोणीस रिकाम्या जागा? दोन मॉडेलांना एकच बोर्ड छापला की बोर्ड स्वस्त पडतो, म्हणून हा सेट स्वस्त. भाग कुणी चोरले नव्हते. ते याच्या किमतीत कधी धरलेच नव्हते.

तळाच्या पत्र्यावर आतल्या बाजूला निळ्या मेणपेन्सिलीने बरोबरची खूण केलेली होती. तपासणाऱ्या बाईची किंवा बाप्याची असेल. खुणेशेजारी एक छोटा मासा काढला होता. तो कुणालाही दिसणार नव्हता. दिवसाला असे किती पत्रे हाताखालून जात असतील, आणि त्यातल्या एकावर मासा. मी बराच वेळ बघत बसले.

गुरुवारी दुपारपर्यंत मी वहीतल्या लबाड्या एकेक करून खोडल्या. शेवटी एकच उरली, लाकडाचं चित्र. तीही खोडावी की ठेवावी याचा विचार करत असताना वीज गेली.

आता गंमत संपली होती. पुड्या तेवीस, सेट टेबलभर पसरलेला, शुक्रवारी सकाळी ऑर्डर्ली येणार. खिडकीच्या उजेडात मी जोडायला घेतला. दोरी तिसऱ्या खेपेला बसली. दोन तासांनी वीज आली, सेट चालू केला. डावं बोललं, उजवं बोललं, आणि खालून बारीक गुणगुण येऊ लागली. ट्रान्सफॉर्मरखाली रबराची चकती होती. मी काढताना तिचा चुरा झाला होता आणि तो मी फुंकून टाकला होता. आता लोखंड पत्र्यावर थरथरत होतं. निमाईबाबू अशा वेळी पोस्टकार्ड घडी घालून सारतात. मी हाताशी आला तो कागद आठ घड्या करून सारला, स्क्रू आवळले, गुणगुण बंद झाली. कार्डावर लिहिलं, 'उजवी बाजू बंद. एक डाग दिला.' शुक्रवारी ऑर्डर्ली सेट घेऊन गेला. निमाईबाबूंनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, "बेश." म्हणजे छान.

शनिवारी सकाळी आई पोह्यांच्या डब्यात नवा कागद घालत होती. मी सहज बघितलं. 'हुकूम पाळण्याआधी विचारा.'

माझ्या पिशवीतले कागद याच गठ्ठ्यातले होते. हाताशी आला तो कागद. आमच्या घरात कागद आणि पत्रक या दोन वस्तू नाहीतच, त्यामुळे मी बघितलंसुद्धा नव्हतं. आमच्या गल्लीतल्या दोन मुलांना पिशवीत पत्रकं सापडली म्हणून पोलिसांनी चार दिवस ठेवून घेतलं होतं, असे ते दिवस. आणि मी फौजेच्या मेजरच्या घरात, किल्ल्याच्या आत, असा कागद पाठवला होता की हुकूम पाळू नका. तसं त्यात नव्हतं, विचारा एवढंच होतं. पण तो फरक किल्ल्यात कोण समजावून सांगणार?

"आई, हे पत्रक वाईट आहे का गं?"

"कागद बरा आहे," आई म्हणाली. "तेल पितो."

रविवारी सकाळी मी फोर्ट विल्यमला गेले. आधी पिशवी तीनदा झटकली. फाटकावरच्या शिपायाने डाग द्यायची इस्त्री उलटसुलट केली. "यह क्या है?"

"रेडिओ ठीक करने का।"

"आप करेंगी?" तो इतका चकित झाला की पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर बघायचे राहूनच गेले.

दार घोरपडेवहिनींनी उघडलं. "अगो बाई, तूच का ती? हे सांगत होते, बिघाड सगळीकडचे सारखे म्हणाली म्हणून. ये, पोहे खा." आत रेकॉर्ड लागली होती. मेजर बनियनवर बसून बूट पॉलिश करत होते.

"एक तपासणी राहिली होती," मी म्हटलं. "दहा मिनिटांत उघडून बघते."

"उत्तम चाललाय की."

"तरी पण."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "चालणारी वस्तू उघडायला रविवारी कुणी येत नाही. बरं. उघडा, मीही बघतो."

आतापर्यंत कुणी गिऱ्हाईक माझ्या हाताकडे बघत शेजारी बसलं नव्हतं. मेजर प्रत्येक स्क्रू तळहातावर घेत आणि टेबलावर ओळीने मांडत. कुठला कुठला, हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. ट्रान्सफॉर्मर सैल झाला, मी हात घालायच्या आत त्यांनी दोन बोटांनी कागद ओढला. आठ घड्या उलगडल्या. इंग्रजी बाजू वर होती.

त्यांनी सगळं वाचलं. वहिनी पोह्यांची बशी घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे कंपनीने घातलं?"

"नाही. मी. घडी म्हणून घातलं, मजकूर म्हणून नाही. रबर माझ्या हातून तुटलं."

"नवा डाग तर बाहेरच्या सॉकेटपाशी दिसतोय. ट्रान्सफॉर्मरखाली कशाला गेलात?"

इथे खोटं बोलता आलं असतं. धंद्यात शंभर कारणं असतात आणि गिऱ्हाइकाला एकही तपासता येत नाही. पण शेजारी ओळीने मांडलेले स्क्रू होते. मी सांगितलं. दोन दिवस, तेवीस पुड्या, लबाडीची वही, एकोणीस रिकाम्या जागा, मासा. मासा कुठाय, असं वहिनींनी विचारलं. मी दाखवला. त्या वाकून बघत म्हणाल्या, "बांगडा वाटतो."

मेजरांनी सेट चालू केला. कागद नसल्याने गुणगुण सुरू झाली. वहिनी आत गेल्या आणि जुन्या कांबळ्याचा तुकडा कापून आणला. तो माझ्या पत्रकापेक्षा किती तरी बरा बसला, हे मला मेकॅनिक म्हणून कबूल करावं लागेल. सेट बंद झाला. पत्रक मेजरांनी घडी करून टेबलाच्या खणात ठेवलं.

"हे माझ्याकडे राहू दे. मंगळवारी मी दुकानात येतो. सेटचं काय केलं ते मला मालकांच्या तोंडून ऐकायचंय. त्यांना कोण सांगणार, ते तुम्ही बघा."

सोमवारी मी निमाईबाबूंसमोर उभी राहिले. श्यामल गल्ल्यावर होताच.

"मेजरसाहेबांच्या सेटबद्दल सांगायचंय."

"बंद पडला?"

"नाही, चालतोय."

"मग चालणाऱ्याबद्दल कशाला बोलतेस, दृष्ट लागेल."

मी बोलले. त्यांनी इस्त्री स्टँडवर ठेवली. "सगळा उघडलास?"

"सगळा."

"दोरीसुद्धा?"

"दोरीसुद्धा."

"परत कितव्यांदा बसली?"

"तिसऱ्यांदा."

"बरी बसली," ते म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं की आपल्याला राग यायला हवा. त्यांनी खोक्यातून कार्डाची दुकानातली प्रत काढली. "इथे काय लिहिलंयस, वाच."

"उजवी बाजू बंद. एक डाग दिला."

"तुझ्या वयात मीही उघडले असते. उघडलेत. पण कार्डावर लिहिलं असतं. उद्या मेजरांची बदली झाली आणि हा सेट अंबाल्याला बिघडला, तर तिथला मिस्त्री सेटबरोबर गेलेलं कार्ड बघेल आणि समजेल, आत कुणी गेलेलं नाही. तो चार दिवस चुकीच्या जागी शोधेल. त्याचे चार दिवस तू खाल्लेस, मा."

श्यामल म्हणाला, "मी काय म्हणत होतो, जामाईबाबू."

"तू गल्ला बघ."

त्या रात्री मला झोप आली, हे सांगायला लाज वाटते. भीती संपली की शरीर फार निर्लज्ज होतं.

मंगळवारी मेजर गणवेशात आले. निमाईबाबू उठून उभे राहिले, धोतर सारखं केलं आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "साहेब, आमच्या दुकानाने तुमचा सेट तुम्हाला न विचारता सगळा उघडला. कार्डावर ते लिहिलं नाही. माफ करा." आमच्या दुकानाने, असं म्हणाले. माझं नावही घेतलं नाही. मी पत्रकांतून पाचशे वेळा 'आम्ही' लिहिलं असेल, पण तो शब्द असा वापरलेला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मेजरांनी मान हलवली, खिशातून पत्रक काढून माझ्या हातात दिलं. "सातवा आणि आठवा प्रश्न एकच आहेत," ते म्हणाले. "एक काढा." दोन्ही एकच होते. पाचशे प्रती छापून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दहाव्याखाली त्यांनी पेन्सिलीने अकरावा आकडा घातला होता आणि लिहिलं होतं, 'उघडण्याआधी, ज्याची वस्तू आहे त्याला विचारलं का?'

मला एक महिना काउंटर मिळालं. बेंचवर श्यामलचा मित्र बसला. शिक्षा योग्य होती आणि अजून टोचते. महिन्याने बेंच परत मिळालं, तेही कुणी माझ्या गुणांवर भाळून नाही. तो मित्र चांदणीच्या रेडिओ-बाजारात जास्त पगारावर निघून गेला. मात्र त्या महिन्यात निमाईबाबूंनी नवी कार्डं छापून घेतली. त्यांत एक ओळ वाढली, 'सेट पूर्ण उघडण्यास हरकत नाही', आणि पुढे सहीला जागा. पहिली सही मेजरांचीच. बदलीचा हुकूम आल्यावर ते सेट घेऊन आले, सही केली, स्टूल ओढलं आणि म्हणाले, "आता त्या एकोणीस जागा दाखवा." दोन तास बसले. चौदाव्या जागेपाशी मला अडवून म्हणाले, इथे भाग असता तर काय झालं असतं? मला सांगता आलं नाही. अजूनही खात्रीने येत नाही.

झगमगाटाचं ते पत्रक मी कधीच लिहिलं नाही, याची थोडी रुखरुख आहे. राग खरा होता. फक्त तो उघडून बघण्याआधी लिहिलेला होता.

आता कामाचं बोलते. दर रविवारी सकाळी दुकानात पाच मुली शिकायला येतात. त्यांच्यात एक आपल्या मंडळातलीच आहे. शिकण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे, शेवटच्या स्क्रूपर्यंत जायचं आणि परत यायचं. पण आमच्याकडचे मुके सेट उघडून उघडून संपत आले. तुम्ही बदलीची माणसं. सामान बांधताना एखादा रेडिओ, एखादा रेकॉर्ड प्लेअर दाराशी ठेवून नेऊ की टाकू म्हणत उभे राहता. तो भंगारात घालू नका. या रविवारी आणून द्या, किंवा मंडळाच्या खोलीत ठेवा, आम्ही नेऊ. सोबत एका ओळीची चिठ्ठी जोडा, 'उघडायला माझी परवानगी आहे', आणि खाली सही करा. चिठ्ठी नसली तर सेट ठेवून घेऊ, पण स्क्रूला हात लावणार नाही. तेव्हा चिठ्ठी विसरू नका.